ललिता पवार : खाष्ट सासू आणि मिसेस डिसा

एखाद्या घरची सासू जरा करड्या स्वभावाची निघाली, की गावातील बायाबापड्या तिला एक नाव देऊन मोकळ्या होतात : ‘ललिता पवार!’ ज्यांनी त्यांचा एकही बोलपट धड पाहिलेला नसेल, त्यांच्याही तोंडी हे नाव असते. एका गुणी कलावतीच्या नावाची अशी शिवी होऊन बसावी, हा तिच्या कलेचा विजय खराच. परंतु जिच्या नावाने आपण शेजारणीला नावे ठेवतो, ती बाई होती तरी कशी, याची चौकशी आपणांपैकी फार थोड्यांनी केलेली असते.

धर्मगुरूने सिनेनटीविषयी का लिहावे, असे कोणी वाचक विचारतील. पोप अकरावे पायस यांनी १९३६ साली ‘विजिलांती कुरा’ हे विश्वपरिपत्रक खास चित्रपटांविषयीच लिहिले. चित्रपट माणसाला बिघडवू शकतो तसाच घडवूही शकतो, हा त्यातील विचार आहे. त्यातील घडविण्याची बाजू आज आम्हांला वाचकांपुढे ठेवावयाची आहे.

ललिताबाईंचा जन्म १८ एप्रिल १९१६ रोजी नाशिक जिल्ह्यातील येवले येथे झाला. पैठणीमुळे या गावाचे नाव महाराष्ट्रात घरोघर ठाऊक आहे. माहेरचे त्यांचे नाव अंबा लक्ष्मणराव शगुन. चित्रपट अजून मुके होते त्या काळी, अगदी लहान वयात, त्या या व्यवसायात शिरल्या. १९३१ साली बोलपट आला. तेव्हा देखणे रूप आणि गोड गळा यांच्या बळावर त्या नायिका झाल्या आणि आपली गाणी स्वतःच गाऊ लागल्या. टॉल्स्टॉय या थोर रशियन लेखकाच्या ‘पुनरुत्थान’ या कादंबरीवरून घेतलेला ‘दुनिया क्या है’ हा बोलपट त्यांनी स्वतः काढला. पडल्या जिवाला पुन्हा उठता येते, असे सांगणारी ती कथा. तिचा अर्थ पुढे त्यांना स्वतःच्याच आयुष्यात शोधावा लागणार होता.

ते वर्ष होते १९४२. ‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाचे चित्रीकरण चालू होते. सहकलाकार भगवान यांनी ललिताबाईंच्या मुस्कटात मारावयाची, असा प्रसंग होता. अशा वेळी मारल्याचे नुसते भासवावयाचे असते. येथे हात खरोखरच बसला, आणि तोही जोराने. डाव्या डोळ्याची नस फुटली, चेहऱ्याला पक्षाघात झाला. उपचार पुष्कळ दिवस चालले, परंतु डावा डोळा अधू राहिला तो कायमचाच. त्यांचे वय त्या वेळी अवघे सव्वीस वर्षांचे होते. शेतकऱ्याला जशी जमीन, तसा नायिकेला चेहरा; तोच एका क्षणात हातचा गेला.

आता दार लावून घरात बसावे आणि नशिबाला बोल लावावा, हा मार्ग मोकळा होता. ललिताबाईंनी तो धरला नाही. नायिका होता येत नाही, तर आई, सासू, आत्या, मावशी, जे मिळेल ते काम करू, असे म्हणून त्या पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. १९४४ साली प्रभातच्या ‘रामशास्त्री’ या चित्रपटात त्यांनी आनंदीबाई उभी केली. ‘ध’चा ‘मा’ करणारी ही बाई मराठी माणसाला आख्यायिकेतून ठाऊक होती. ती आता त्याला डोळ्यांनी दिसली. पुढे १९५० साली व्ही. शांताराम यांच्या ‘दहेज’मध्ये हुंड्यासाठी सुनेला छळणारी सासू त्यांनी अशी रंगविली, की हुंडा मागणाऱ्याला आरशात आपलेच तोंड दिसावे. अधू डोळा त्यांनी लपविला नाही. तो बारीक करून, भुवई चढवून, शब्द दातांत धरून त्या बोलू लागल्या, की प्रेक्षकाच्या अंगावर काटा येई. ज्या व्यंगाने त्यांचे एक जीवन संपविले, त्यालाच त्यांनी दुसऱ्या जीवनाचे साधन केले. ती चपराक देवाने मारली नव्हती. परंतु माणसाने धीर सोडला नाही, तर देव जखमेतूनही काम घडवून आणतो, ही आपली श्रद्धा आहे, आणि येथे तिची साक्ष पटते.

मात्र प्रेक्षकांनी त्यांची सासूच तेवढी लक्षात ठेवली. खरे पाहता १९५५ सालच्या ‘श्री ४२०’ या चित्रपटातील केळेवाली याच ललिताबाई. ती पोटासाठी केळी विकते, पण परक्या मुलाला माया देताना तराजू हाती घेत नाही. आणि १९५९ साली हृषिकेश मुखर्जी यांच्या ‘अनाडी’ या चित्रपटात त्यांनी जी भूमिका केली, ती तर आपण कॅथलिकांनी आवर्जून आठवावी अशी आहे.

त्या काळच्या हिंदी चित्रपटांतील ख्रिस्ती माणूस म्हणजे बहुधा दारूचा प्याला हाती घेतलेला म्हातारा, नाही तर क्लबात नाचणारी पोरगी. ‘अनाडी’तील मिसेस डिसा मात्र आपल्या घराशेजारी राहणारी वाटावी अशी आहे. ही एकटी बाई राज नावाच्या गरीब चित्रकाराला आपल्या घरी खोली देते. वरून सारखी कटकट करते, आणि आतून त्याला पोटच्या पोराप्रमाणे जीव लावते. अखेर एका कारखान्याच्या दूषित औषधाने तिचा बळी जातो, आणि तिला विष दिल्याचा आळ त्या निरपराध मुलावर येतो. या भूमिकेसाठी ललिताबाईंना सहाय्यक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. १९६१ साली संगीत नाटक अकादमीनेही त्यांचा गौरव केला. मुखर्जींनी १९७१ सालच्या ‘आनंद’मध्ये त्यांना इस्पितळातील मेट्रन केले, आणि तिचे आडनावही डिसाच ठेवले. तीही तशीच : शिस्तीची करडी, मनाची माऊली.

आम्ही हे कुकटपल्लीत बसून लिहीत आहोत, म्हणून मिसेस डिसा आम्हांला अधिकच जवळची वाटते. हैदराबादच्या या भागात, हाऊसिंग बोर्ड कॉलनीच्या गल्लोगल्ली, भाड्याच्या खोल्या आणि हॉस्टेले आहेत. शिकावयास व नोकरी शोधावयास आलेली खेड्यापाड्यांतील मुलेमुली तेथे दाटीवाटीने राहतात. नोकरी लागेपर्यंत भाड्याची धास्ती, ताप आला तर उशाशी कोणी नाही. अशा वेळी वाटीभर पेज घेऊन दारात उभी राहणारी घरमालकीण बोलायला फटकळ असली, म्हणून काय झाले? आपली मुले दूर पाठविणाऱ्या प्रत्येक आईने अशा अनोळखी बाईसाठी एक नमो मरिया म्हणावी. आणि ज्यांच्या घरी परगावची मुले राहतात, त्यांनी स्वतः तशी बाई व्हावे.

पुढे १९८७-८८ साली दूरदर्शनवर रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका आली, आणि ललिताबाईंची मंथरा घरोघर पोहोचली. २०२० साली टाळेबंदीत ती मालिका पुन्हा दाखविली गेली, तेव्हा नव्या पिढीनेही त्यांना मंथरा म्हणूनच ओळखले. आयुष्याच्या अखेरीस त्यांना कर्करोगाने गाठले. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात, औंध येथील घरी त्यांचे निधन झाले. पती त्या वेळी इस्पितळात होते; घरात दुसरे कोणी नव्हते. शेकडो चित्रपटांतून लाखो लोकांना ठाऊक असलेली ही बाई शेवटच्या घटकेला एकटी होती, आणि बाहेर कोणास ते पुष्कळ वेळ कळलेही नाही.

इशायाच्या घरी राजा निवडावयास गेलेला शमुवेल थोरल्या मुलाचा बांधा पाहून भुलला होता. परमेश्वराची निवड मात्र रानात मेंढरे राखणाऱ्या दाविदावर होती. चेहऱ्यावरून माणूस ओळखण्याची शमुवेलाची ती खोड आपल्या गावांतही आहे. कोणा म्हातारीची नजर वाकडी दिसते, कोणाचा आवाज चढा असतो. लगेच तिला नाव पडते, पोरेबाळे तिचे अंगण टाळतात, आणि हळूहळू ते दार बंदच होते. मुले मुंबईस वा परदेशी गेलेली, नवरा देवाघरी गेलेला, अशा किती बंद दारांमागे मिसेस डिसा बसलेल्या असतील, कोण जाणे!

वाचकहो, येत्या रविवारी मिस्सा आटोपून परतताना अशा एका दारावर थाप मारावी. आतून ओरडा आला तरी माघारी फिरू नये. थोडा वेळ उंबऱ्यात उभे राहावे. बहुधा त्या ओरड्यामागून चहाचे आधण ठेवल्याचा आवाज येईल.