सेवाक्षेत्र : उत्पन्न जास्त, रोजगार कमी

● देशाच्या एकूण मूल्यवर्धनात सेवाक्षेत्राचा वाटा २०१३-१४ मध्ये सुमारे ५१ टक्के होता. २०२४-२५ मध्ये तो ५५ टक्क्यांवर गेला.

● रोजगारात मात्र हा वाटा २०२३-२४ मध्ये सुमारे ३० टक्केच होता. शेतीवर तेव्हाही जवळपास ४६ टक्के कामकरी राबत होते.

● सेवा म्हणजे फक्त आयटी नव्हे. व्यापार, वाहतूक, बँका, हॉटेलं, शाळा, दवाखाने हे सारं त्यात येतं.

● पुण्याजवळ हिंजवडीत एमआयडीसीने आयटी पार्क उभारलं. संगणकापुढच्या नोकऱ्यांपाठोपाठ तिथे कॅबचालक, सुरक्षारक्षक, मेसवाल्या मावशी, पोळीभाजीचे डबे पोचवणारे अशांनाही काम मिळालं.

● या मागून आलेल्या कामांनाही लेखी करार, पीएफ आणि आजारपणाचं संरक्षण मिळालं, तरच ही वाढ सर्वांची ठरेल.