हातचा न घेणारी संख्या

१११११११११ या नऊ एकांच्या संख्येचा वर्ग केला की १२३४५६७८९८७६५४३२१ मिळतो. सतरा अंकी, परार्धाच्या एकच घर अलीकडची ही संख्या उलटीकडून वाचली तरी तीच, त्यामुळे गणितातल्या गमतीजमतींच्या पुस्तकांत तिची जागा पक्की आहे. जी. एच. हार्डींना मात्र असल्या गमतींचे वावडे होते. ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ (१९४०) मध्ये त्यांनी ८७१२ आणि ९८०१ यांचे उदाहरण घेतले. आपलेच अंक उलटे लिहून होणाऱ्या संख्येच्या पटीत बसणाऱ्या चार अंकी संख्या या दोनच. ८७१२ म्हणजे २१७८ ची चौपट. कोड्यापुरते ठीक, गणितज्ञाच्या कामाचे यात काही नाही, असा त्यांचा निकाल. आक्षेपात वजन आहे. हाताला बोटे दहा म्हणून आपण दशमान पद्धतीने लिहितो. मग त्या लिहिण्यातून दिसणारा गुण संख्येचा कसा म्हणायचा? तरीही आपल्या संख्येला हा निकाल लागू करणे मला पटत नाही.

गुणाकार कागदावर मांडून पाहा. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे. उजव्या टोकाला एकच १, शेजारच्या रकान्यात दोन, असे करत मधल्या रकान्यात नऊ, आणि तिथून उतरण. हातचा कुठेच येत नाही, त्यामुळे रकान्यांच्या बेरजा जशाच्या तशा उत्तरात उतरतात. दहाचे काम इतकेच की तो नवापेक्षा मोठा आहे. दहाच्या जागी क्ष घाला: १ + क्ष + क्ष² असे क्ष⁸ पर्यंत जाणाऱ्या बहुपदीच्या वर्गाचे सहगुणक हेच आहेत. म्हणूनच अष्टमान पद्धतीत सात एकांचा वर्ग १२३४५६७६५४३२१ असा लिहिला जातो. आपल्या संख्येतल्या अंकांची बेरीज ८१ भरते तीही योगायोगाने नव्हे; क्ष = १ घेतले की बहुपदीची किंमत ९ आणि तिचा वर्ग ८१.

यावर कोणी म्हणेल, हे सगळे बहुपदीचे गुण झाले, संख्येच्या वाट्याला काय आले? तिचे अवयव आले. ती बहुपदी (क्ष² + क्ष + १) आणि (क्ष⁶ + क्ष³ + १) अशी फुटते. क्षच्या जागी १० घातले की १११ आणि १००१००१ मिळतात. पहिली ३ × ३७, दुसरी ३ × ३३३६६७. म्हणजे आपली संख्या ३⁴ × ३७² × ३३३६६७², आणि तिचे विभाजक ४५. ती कोणत्याही पद्धतीत लिहा, हे ४५ बदलत नाहीत.

नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त १२३४५६५४३२१ चे वर्णन एकापासून सहापर्यंत चढून क्रमाने उतरणारी संख्या असेच केले आहे. देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी विसाव्या शतकात अशा संख्यांचा अभ्यास केला आणि मुंबईजवळच्या एका रेल्वे स्थानकावरून त्यांना ‘डेमलो संख्या’ म्हटले. दहा एकांचा वर्गही त्यांनी वगळला नाही. तिथे मधल्या रकान्यात दहा जमतात, हातचा येतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असे होते. षोडशमान पद्धतीत ही वेळ सोळा एकांवर येते, द्विमानात दोनावरच: ११ चा, म्हणजे तिनाचा, वर्ग तिथे १००१.