कॅनडाची जुनी नाणी : झीज व ठसाभेद
कॅनडाच्या जुन्या नाण्यांवर आढळणाऱ्या फरकांचे दोन वर्ग पडतात : नाणे पाडतानाच ठशातून उतरलेले भेद आणि पुढे हाताळणीने झालेली झीज. या दोहोंत गल्लत झाल्यास सामान्य नाणे दुर्मिळ म्हणून विकले जाते, तर क्वचित खरोखरच दुर्मिळ नाणे दुर्लक्षित राहते.

झीज प्रथम सर्वांत उंच उठावावर दिसते. पाचव्या जॉर्जच्या नाण्यांची प्रत मुकुटाच्या पट्टीतील मोती व मधला हिरा यांवरून ठरवितात. सहाव्या जॉर्जचे मस्तक उघडे असल्याने तेथे कानावरील केस पाहावे लागतात. बारीक चिन्हेही झिजून नाहीशी होतात. बर्मिंगहॅमच्या हीटन टाकसाळीत पाडलेल्या नाण्यांवरील ‘एच’ हे अक्षर पुसले गेल्यास ती लंडनची समजली जाण्याचा संभव असतो.

अनेक ठसाभेदांमागे राजकीय घटना आहेत. १९११ च्या नाण्यांवर ‘ईश्वरकृपेने’ या अर्थाचे लॅटिन शब्द गाळले गेले. टीका झाल्यावर ते १९१२ मध्ये पुन्हा आले. आठव्या एडवर्डच्या राजत्यागानंतर नव्या राजाचे ठसे वेळेवर आले नाहीत. म्हणून १९३७ मध्ये जुन्याच ठशांवर तळाशी बारीक ठिपका देऊन १९३६ सालची काही नाणी पाडण्यात आली. भारत स्वतंत्र झाल्यावर राजाच्या बिरुदांतून ‘भारताचा सम्राट’ हे पद वगळावे लागले. नवे ठसे येईपर्यंत १९४८ मध्ये जुन्याच बिरुदाची, १९४७ साल असलेली नाणी पाडली गेली. त्यांवर सालाशेजारी मॅपलचे छोटे पान आढळते.

खरी कसोटी १९५५ च्या ‘अर्नप्रायर’ डॉलरची होय. ऑन्टारिओतील अर्नप्रायर येथील एका कंपनीकडे गेलेल्या या रौप्य डॉलरांवर होडीच्या उजवीकडे पाण्याच्या पूर्ण रेषांऐवजी सुमारे दीडच रेषा उरली आहे. नाण्यावर उठून दिसणारी रेषा ठशावर खोल कोरलेली असते. ठसा फाजील घासल्याने हे उथळ कोरीवकाम पुसले गेले. मात्र झिजलेल्या सामान्य डॉलरवरही या रेषा अस्पष्ट होतात. म्हणून राणीचे केस व होडीतील माणसे ठसठशीत असून रेषा तेवढ्या नाहीशा असतील, तरच दोष ठशाचा मानावा. सर्वच उठाव सपाट झालेला असल्यास निर्णय न देणे बरे. परीक्षण भिंगाखाली, तिरप्या उजेडात नाणे फिरवून करतात. नाणे आधी घासून उजळणे हे सर्वांत घातक होय, कारण त्यामुळे नेमक्या याच रेषा जातात.