स्वभावाचा पत्ता

कुहीवरून उमरेड, भिवापूर करत नागभीडला जाणारी छोटी गाडी २०१९ मध्ये थांबली आणि रूळ रुंद करायचं काम निघालं. माणसाच्या स्वभावाचा पत्तासुद्धा असाच रेल्वेच्या कामावर सापडलाय, हे ठाऊक आहे? तोही १८४८ साली, आपली मुंबई-ठाणे गाडी धावण्याच्या पाच वर्षं आधी!

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात फिनिअस गेज हा २५ वर्षांचा मुकादम खडकाच्या भोकात सुरुंगाची दारू ठासत होता. ठिणगी उडाली. साडेतीन फूट लांब, सहा किलोची पहार डाव्या गालातून शिरली आणि टाळूतून बाहेर पडून लांब जाऊन पडली. आणि गेज? काही मिनिटांत बोलू लागला, बंडीत ताठ बसून मुक्कामी गेला!

तो जगला. बोलणं, चालणं, आठवण, सगळं शाबूत. पण पूर्वीचा भरवशाचा, शांत माणूस आता शिवीगाळ करी, हट्टाला पेटे, दहा बेत आखून दहाही सोडून देई. हा आपला गेज राहिलाच नाही, असं मित्र सांगत; त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉ. जॉन हार्लो यांनी ते लिहून ठेवलं.

बरं, पहार लाखात एकाच्या डोक्यात शिरते. मग दुचाकीवरून पडलेला माणूस नागपूरच्या मेडिकल रुग्णालयातून घरी येतो, सीटी स्कॅन साफ असतं, आणि तरी महिन्याभराने बायको म्हणते, "हे आधी असे नव्हते." ते कसं?

विरजलेल्या दह्याचं पातेलं झटकन फिरवून पाहा. पातेलं फिरतं, दही मागे राहतं, आतल्या आत चिरतं. डोकं गर्रकन वळतं तेव्हा मेंदूचंही तेच होतं. त्यातले मज्जातंतू मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतके बारीक. आणि नवल असं, की हळूहळू ताणले तर ते पुष्कळ लांबतात. तोच ताण क्षणार्धात आला तर ठिसूळ होतात, आतला सांगाडा मोडतो. इतकी बारीक मोडतोड सीटी स्कॅनला दिसायची कशी?

शिवाय कवटी बाहेरून गुळगुळीत असली, तरी आत डोळ्यांच्या वर हाडाचे खडबडीत उंचवटे आहेत. मेंदू हलला की त्याचा पुढचा तळ नेमका त्यांवर घासतो. गेजच्या पहारीने इजा केली तो हाच भाग, जो तोंडावर आलेला शब्द गिळायला लावतो, उद्याचा विचार करून आज हात आखडतो. ज्याला आपण समजूतदारपणा म्हणतो त्याचं बरंचसं काम इथे चालतं, आणि त्याच्याखाली हाड असं खडबडीत!

तिथेच खाली हाडाला चाळणीसारखी छिद्रं आहेत. त्यांतून नाकातले वासाचे तंतू वर जातात, आणि धक्क्याने कधीकधी तुटतात. अशा माणसाला भिवापुरी मिरचीची फोडणी नाकाशी धरली तरी खमंगपणा कळत नाही; झोंबणं मात्र कळतं, कारण ती खबर दुसरीच नस नेते. म्हणून मार लागल्यावर वास गेला असेल तर डॉक्टरांना जरूर सांगावं. शेजारच्या भागालाही दुखापत झाली असेल, अशी ती खूण ठरू शकते. घरच्यांनी त्या माणसाच्या चिडण्याला नुसता माज समजू नये, असं मला कळकळीने वाटतं.

गेजची गोष्ट बहुतेक जण त्याच्या शिवराळपणापाशी संपवतात. ती तिथे संपत नाही! १८५२ मध्ये तो चिलीला गेला आणि पुढची काही वर्षं सहा घोड्यांची प्रवासी गाडी हाकत राहिला. वेळ सांभाळायची, उतारूंशी नीट वागायचं, अवघड रस्त्यावर पुढचं वळण आधी हेरायचं. जे त्याने गमावलं होतं, नेमकं तेच! संशोधक माल्कम मॅकमिलन यांच्या मते रोजच्या त्याच ठरलेल्या क्रमाने त्याचा आवर बराचसा परत आणला. आजही मेंदूच्या दुखापतीनंतर उपचारात तेच करतात: उठण्याची वेळ ठरलेली, एका वेळी एकच काम, कामाच्या पायऱ्या कागदावर लिहून समोर लावलेल्या, आणि हे सगळं आठवडेच्या आठवडे, महिनेच्या महिने.