सायंकाळची व्यायामशाळा आणि मुलांची शिस्त

शाळा सुटली की दप्तर घरी टाकून मुलांनी व्यायामशाळेची वाट धरावी, हा शिरस्ता आपल्याकडे जुना असून, अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ (1914), पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ (1924) आणि दादरचे समर्थ व्यायाम मंदिर (1925) यांसारख्या संस्थांनी तो पिढ्यान्‌पिढ्या चालविला आहे. मुलाचे नाव घालावयास आलेल्या पालकांची फर्माईश मात्र बहुधा एकच असते : "याला जरा शिस्त लावा!" ही शिस्त लागते कशी, याची चौकशी फारसे कोणी करीत नाही.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी ज्या विद्येला नवे तेज आणले, ती मल्लखांबाची विद्या या दृष्टीने मोठी उद्बोधक आहे. वर निमुळता होत जाणारा, अंग, मान आणि बोंड अशा तीन भागांचा, एरंडेल तेलाने गुळगुळीत केलेला तो लाकडी खांब कोणाचीही भीड धरीत नाही. पकड ढिली पडली की मूल घसरते, आणि नखे का कापावयाची किंवा गळ्यातील साखळी का काढून ठेवावयाची, हे समजण्यास त्याला प्रवचनाची गरज उरत नाही. साधी अढी पक्की बसल्यावाचून पुढच्या उडीचे नाव काढावयाचे नाही, हा क्रम वस्तादाच्या लहरीतून नव्हे, तर विद्येच्या स्वरूपातूनच आलेला असल्यामुळे मुलेही तो तक्रारीवाचून पाळतात. शिवाय एका खांबावर एका वेळी एकच जण चढणार, म्हणजे उरलेल्यांना आपल्या पाळीची वाट पाहणे प्राप्तच. त्या अवधीत मोठ्या मुलाला गादीपाशी उभे करून लहानग्याला सांभाळण्याचे काम दिले, की एरवी दांडगाई करणारा तोच मुलगा किती सावध होतो, हे पाहण्यासारखे असते.

परंतु खांब एक आणि मुले चाळीस, अशी व्यवस्था असेल तर रांगेत ढकलाढकली होणारच, आणि तिचा ठपका मुलांवर ठेवणे हा शुद्ध अन्याय होय. रांगेतल्या मुलांना दोरीच्या मल्लखांबावर किंवा जमिनीवरील आसनांत गुंतविणे हे चालकांचे कर्तव्य आहे.

उशिरा येणाऱ्याला पन्नास बैठका काढावयास लावण्याची चालही मला अगदी गैर वाटते. जो व्यायाम आनंदाने करावयाचा, तोच शिक्षा म्हणून लादला, तर मुलाच्या मनात त्याविषयी तिटकारा उत्पन्न झाल्यास नवल कसले? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने शाळांतून शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली आहे. शाळेत जे निषिद्ध, ते सायंकाळी मैदानावर क्षम्य ठरण्याचे कारण दिसत नाही. उशिरा आलेल्याला त्या दिवशी सर्वांच्या मागे उभे करावे, म्हणजे पुरे.

तेव्हा पालकांनी फी भरण्यापूर्वी एक संध्याकाळ तेथे स्वस्थ बसून काढावी, आणि ज्या मुलाची पाळी अद्याप आलेली नाही ते त्या वेळी काय करीत आहे, हे आधी पाहावे.