घरगुती आळिंबी : ओल आणि उजेडाचा हिशेब

आळिंबी म्हणजेच मशरूमचा जोडधंदा थोड्या भांडवलात, घरातील एका खोलीत सुरू करता येतो. म्हणून अनेक कारागीर बांधव आणि घरातील भगिनी त्याबद्दल चौकशी करतात. परंतु बियाणे आणले आणि पिशव्या भरल्या म्हणजे माल हाती आला, असे होत नाही. नुकसान होते ते बहुधा ओल व उजेडाचा अंदाज चुकल्यामुळे. येथे आम्ही घरी घेण्यास सोप्या अशा धिंगरी आळिंबीचाच विचार करीत आहोत.

आमचा अनुभव आधी सांगतो. पहिल्या खेपेस आम्ही दहा पिशव्या भरल्या. घाईपोटी पेंढा पुरता निथळू दिला नाही. आठवड्याभरात सात पिशव्यांच्या तळाशी पाणी साचले, आंबूस वास सुटला, हिरवी बुरशी धरली. सातही फेकून द्याव्या लागल्या. बियाण्याचे पैसे गेले आणि मेहनतही.

भाताचा किंवा गव्हाचा पेंढा बोटभर तुकडे करून रात्रभर भिजवतात. नंतर सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात तासभर ठेवून निथळतात व थंड झाल्यावर बियाणे मिसळतात. भरतेवेळी पेंढ्यात ६५ ते ७० टक्के ओल असावी. ही ओळखायची कशी? मूठभर पेंढा घट्ट दाबावा. तळवा ओला व्हावा, पण पाणी ठिबकू नये. व्यापाऱ्याला तराजू अधिक जवळचा. एक किलो कोरडा पेंढा निथळल्यावर तीन किलोच्या आसपास भरला पाहिजे. बराच जास्त भरला तर आणखी निथळू द्यावा. फार ओल्या पेंढ्यात हवा खेळत नाही, म्हणून तो सडतो. फार कोरड्यात बुरशीचे तंतू पसरत नाहीत.

पिशव्या भरल्यावर पहिले पंधरा ते वीस दिवस खोलीत अंधार ठेवावा. या काळात पाणी मारण्याचे कारण नाही. आतली ओल पुरते. पिशवी आतून पांढरीशुभ्र दिसू लागली की प्लॅस्टिक काढावे. येथून पुढे काम बदलते.

आता हवेत ८० ते ९० टक्के आर्द्रता हवी. यंत्रमागावर काम करणाऱ्यांना हे सहज उमजेल. कोरड्या हवेत सूत तुटते, तशी आळिंबीची कोवळी डोकी सुकून जातात. भिंतींना ओले गोणपाट लावावे, जमिनीवर पाणी शिंपडावे आणि दिवसातून दोन-तीन वेळा बारीक फवारा द्यावा. कोकणात पावसाळ्यात फवारा कमी लागतो. मालेगावसारख्या ठिकाणी उन्हाळ्यात हे पीक घेणे अवघडच. पाण्याची धार मात्र कधीही सोडू नये. डोक्यांवर पाणी साचले की ती पिवळी पडून कुजतात.

उजेडाबद्दल मोठा गैरसमज आहे. आळिंबीत हरितद्रव्य नसते, त्यामुळे अन्न तयार करण्यासाठी तिला प्रकाश लागत नाही. तिचे अन्न पेंढ्यात असते. पण फळ धरण्यासाठी आणि छत्री नीट उमलण्यासाठी मंद उजेड लागतो. खोलीत वर्तमानपत्र वाचता यावे इतका उजेड दिवसा आठ-दहा तास पुरे, ट्यूबलाइटही चालते. थेट ऊन नको. अंधार राहिला, किंवा खोली कोंदट राहिली, तर देठ लांब आणि छत्री लहान होते. अशा मालाला गिऱ्हाईक भाव देत नाही. म्हणून रोज थोडा वेळ खिडकी उघडावी.

छत्रीच्या कडा वळण्याआधी, त्या दिवसाचा फवारा देण्यापूर्वी काढणी करावी. ओला माल लवकर खराब होतो. काढताना नाकाला फडके बांधावे, कारण आळिंबीच्या सूक्ष्म बीजाणूंनी खोकला होतो. ताज्या आळिंबीत जवळजवळ ९० टक्के पाणीच असते. दहा किलो वाळवली तर एक किलोच्या आसपास उरते. भाव ठरवताना हे विसरू नये.

हिमाचल प्रदेशातील सोलन येथे १९८३ पासून आळिंबीची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे आणि पुण्याच्या कृषी महाविद्यालयातही आळिंबीवर काम चालते. आमचा सल्ला एवढाच की पहिल्यांदा पाचच पिशव्या कराव्यात आणि गिऱ्हाईक आधी बोलून ठेवावे. हात बसला की धंदा वाढवण्यास उशीर लागत नाही.