मनगटाला कळेल का वेचणी?

वेचलेला कापूस काट्यावर मोजला जातो आणि किलोमागे मजुरी हातावर पडते. पण तो वेचताना कंबर किती वेळा वाकली, याचा हिशेब कुठल्याच वहीत नसतो. यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्यात एकीकडे एमआयडीसीचे कारखाने आणि दुसरीकडे पऱ्हाटीची शेते. तिथल्या बांधावर उभे राहिले की मला हा न मांडलेला हिशेब हटकून आठवतो.

तो मांडू शकेल असे यंत्र आज मनगटी घड्याळात आले आहे. त्यातला सेन्सर हाताच्या वेगातला बदल, म्हणजे त्वरण, टिपतो आणि त्या आकड्यांवरून संगणक माणूस काय करतो आहे ते ओळखतो. मात्र संगणकाला आधी शिकवावे लागते. या विषयातला एक गाजलेला नमुनासंच इटली-स्पेनच्या संशोधकांनी २०१३ साली मांडला. १९ ते ४८ वर्षांची ३० माणसे, कमरेला मोबाइल आणि सहा क्रिया: चालणे, जिना चढणे, उतरणे, बसणे, उभे राहणे, आडवे होणे. यात निंदण नाही, वेचणी नाही. एवढेच शिकलेले यंत्र वाकलेल्या बाईला फार तर ‘उभी’ म्हणेल!

शेकडो बायांच्या मनगटांवर पट्टे बांधून नमुने गोळा करणे खर्चाचे आणि वेळखाऊ. २०२० साली अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी साध्या व्हिडिओवरून आभासी सेन्सर रचण्याची पद्धत पुढे आणली. चित्रातले सांधे ओळखायचे, त्यांची जागा क्षणोक्षणी कशी बदलते ते पाहायचे, त्यावरून वेग, वेगावरून त्वरण काढायचे आणि त्यात गुरुत्वाकर्षणाचा परिणाम मिळवायचा. पट्टा न बांधताच पट्ट्याचे आकडे तयार!

मेख इथेच आहे. सेकंदाला ३० चित्रे घेणाऱ्या व्हिडिओतल्या एका चित्रात मनगटाची जागा केवळ एक मिलिमीटर चुकली, तरी त्या क्षणाच्या त्वरणातली चूक गुरुत्वाकर्षणाच्या पाचव्या हिश्श्याजवळ जाते. ती झाकायला आकडे गुळगुळीत करावेत, तर बोंडातून कापूस ओढतानाचा नेमका झटकाच पुसला जाण्याची भीती.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की, यंत्राला व्हिडिओवरून खुशाल शिकवा, पण त्याची पारख लोहाऱ्यासारख्या गावच्या शेतात, खऱ्या मनगटांवर आणि त्या बायांच्या संमतीने करा. हे आकडे कंबरदुखीचे कारण शोधायला लागावेत. ते मुकादमाच्या हातातला नवा चाबूक झाले, तर त्यापेक्षा कोरी वही बरी.